तपासलेली प्रत

उपेंद्र तासगावकरांनी छत्तीस वर्षं ड्रॉइंगं काढली आणि त्यांतलं एकही त्यांच्या बायकोनं पाहिलं नाही. कारखाना सरकारी, काम गुप्त. कसला कारखाना ते मी सांगत नाही, कारण त्यांनीही मला कधी सांगितलं नाही. विचारलं की ते चहा निवतोय म्हणायचे. सांगलीहून ड्राफ्ट्समन म्हणून ते बंगळूरला आले, पुढं लग्न झालं, आणि सुलभाताईंनी नव्या नवरीच्या हौसेनं विचारलं, "तुम्ही काय काढता हो तिथं?"

"भाग," उपेंद्रराव म्हणाले.

"कशाचे?"

"मोठ्या भागाचे."

सुलभाताईंनी सांगलीच्या बहिणीला पत्रात तेवढंच कळवलं आणि तो विषय तिथंच संपला. पुढं मुलगी झाली, घर झालं, विद्यारण्यपुरात दारापुढं शेवगा लावला, तो तीनदा पडला आणि तीनदा उगवला. भाग मात्र कशाचे ते घरात कळलं नाही.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. माझं नाव संयोगिता. आमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इथं आले आणि परत जायचं विसरले. चारशे वर्षांत आमच्या मराठीत कानडी इतकं मुरलंय, की पुण्याची माणसं पहिल्यांदा माझं बोलणं ऐकतात तेव्हा मला हिंदीत उत्तर देतात. हा अपमान मी बरीच वर्षं गिळला. मग शाळेतून निवृत्त झाल्यावर मराठीत एक कादंबरी लिहून काढली, खुनाची. नाव 'चिकपेटातलं प्रेत'. साड्यांच्या गोदामात गठ्ठा उघडतात आणि आतून दोन पाय बाहेर येतात, इथून ती सुरू होते. आमचं चिकपेटमध्ये कापडाचं दुकान होतं, त्यामुळे गठ्ठा कसा उघडतात हे मला माहीत आहे. पायांचं मी मनानं लिहिलं.

मला मुखपृष्ठ हवं होतं ते पन्नास वर्षांपूर्वीच्या खिशातल्या पुस्तकांसारखं. भडक रंग, पिस्तुल, मागं वळून बघणारी घाबरलेली बाई आणि छपाईत जागचा हललेला लाल. असली एक्केचाळीस पुस्तकं माझ्या वडिलांच्या ट्रंकेत अजून आहेत. आमच्या मराठी मंडळातल्या एका हुशार माणसानं मला संगणकाकडून आपोआप केलेलं एक चित्र आणून दाखवलं. त्यातल्या बाईला सहा बोटं होती आणि ती घाबरलेली नव्हती, तिला नुकतंच बक्षीस मिळाल्यासारखी ती हसत होती. मी ते परत दिलं आणि समोरच्या घरी गेले.

"अण्णा, तुम्ही काढाल का?"

उपेंद्ररावांनी आत स्वयंपाकघराकडं बघून हळू आवाजात विचारलं, "हे गुप्त नाही ना, अक्का?"

"पुस्तकाचं मुखपृष्ठ गुप्त ठेवून मी विकू कशी?"

"म्हणजे सुलभाला दाखवता येईल."

ते एवढंच म्हणाले, पण सत्तरीतल्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी फार वेळा पाहिला नाही. माझ्या कादंबरीशी त्यांना काही देणंघेणं नाही हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. त्यांना बायकोपुढं एक ड्रॉइंग ठेवायचं होतं. आणि त्यावर नाव घालायचं होतं. कारखान्यात पूर्ण नाव लिहायची सोय नव्हती, कोपऱ्यात फक्त यू. व्ही. टी. अशी अक्षरं. छत्तीस वर्षं हा माणूस तीन अक्षरांचा होता.

त्यांची मुलगी गौरी परदेशी जाताना आपला जुना टॅब सोडून गेली होती. त्यावर त्यांनी चित्रं काढायचं एक सॉफ्टवेअर घेतलं. दोघांनी मसाला डोसा आणि कॉफी घ्यावी एवढ्या पैशात, तेही एकदाच. दर महिन्याला भरायचं असतं ते महागडं सॉफ्टवेअर त्यांनी बघितलंही नाही. मग त्यांनी याची मदतपुस्तिका छापून घेतली, भोकं पाडून फायलीला लावली आणि महिनाभर वाचली. एकशेचाळीस पानं. तोवर टॅबला बोट लावलं नाही. मी रोज सकाळी विचारायचे, "अण्णा, कुठवर आलं?" ते म्हणायचे, "पान बासष्ट."

पहिलं चित्र त्यांनी दाखवलं तेव्हा मी टॅब डोळ्यांजवळ नेला. पिस्तुल असं काढलं होतं की लोहार ते बघून पिस्तुल बनवेल. दाराच्या बिजागरीतला स्क्रूही दिसत होता, त्याची खाचही. पुस्तक जुनं दिसावं म्हणून कागदाला घड्यांच्या पांढऱ्या रेघा हव्यात असं मी सांगितलं होतं, तर त्यांनी त्या काढल्या होत्या, बारा-बारा मिलिमीटरवर, एकमेकींना समांतर. पुस्तक जुनं वाटत नव्हतं, इस्त्री केलेलं वाटत होतं.

"अण्णा, जरा चुकवा," मी म्हटलं.

"काय?"

"सगळं. रंग हलवा. कोपरे झिजवा. जुन्या छपाईत काही जागेवर नसायचं, म्हणून तर ते बरं दिसायचं."

ज्या माणसानं जन्मभर चूक टाळायचा पगार घेतला त्याला मी चूक करायला सांगत होते. ते त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी मात्र मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारं व्हर्नियर घेऊन माझ्या घरी आले, ट्रंक उघडायला लावली आणि एक्केचाळीस पुस्तकांतला लाल रंग काळ्यापासून किती हललाय ते मोजलं. सरासरी आली एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. तेवढाच त्यांनी हलवला. घड्या कुठं पडतात, कोपरा कुठला आधी फाटतो, चहाचा डाग किती मोठा असतो, सगळं वहीत उतरवलं. आणि मग खरंच, हळूहळू टॅबवर एक जुनं, हाताळलेलं, लायब्ररीत चार जणांनी वाचून परत न केलेलं पुस्तक दिसायला लागलं. मला ते बघून फार आनंद झाला. माझी कादंबरी माझ्याआधी कुणीतरी वाचली आहे असं वाटलं.

अडचण एकच होती. सुलभाताई चहा घेऊन आल्या की उपेंद्रराव टॅबवर हात ठेवायचे. मुद्दाम नाही, हात आपोआप जायचा. "अहो, हे तर पुस्तकाचं आहे ना?" त्या विचारायच्या. "पूर्ण झालं की," ते म्हणायचे. त्यांना अर्धवट दाखवायचं नव्हतं. एकदाच दाखवायचं, छापलेलं, बिनचूक.

या सॉफ्टवेअरमध्ये चित्र थरांत काढतात, एकावर एक काचा ठेवल्यासारखं. दार एका थरावर, पिस्तुल दुसऱ्यावर, प्रेताचे पाय तिसऱ्यावर. बाईचा थर स्वतंत्र. त्या बाईला त्यांनी चार दिवस घेतले. जांभळी साडी, मोहरी रंगाचे काठ. मदतपुस्तिकेत पान अठ्ठ्याण्णववर लिहिलं होतं, की चित्र आरशातल्यासारखं उलटवून बघितलं की चुका दिसतात. म्हणून त्यांनी तिला उलटवून तिची मान सरळ केली, नाक लहान केलं. मी विचारलं, "कोण हो ही?"

"भाग," ते म्हणाले.

चित्र झालं तसं मी म्हटलं, द्या पाठवून यशवंतपूरला. तिथं माझ्या मावसभावाचा मुलगा गिरीराज छापखान्यात कामाला आहे. उपेंद्ररावांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना देवळात चपला घालून जायला सांगितलं होतं.

"अक्का, अजून तपासलेलं नाही."

चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी चौकट आखली होती. तिच्यात तीन चौकोन: काढणार, तपासणार, मंजूर करणार. माझं लेखिकेचं नाव वर गोदामाच्या पाटीवर बारीक होतं, आणि ही चौकट त्याच्या दुप्पट. त्यावरून माझं आणि त्यांचं जे झालं ते इथं लिहीत नाही. चौकट तशीच राहिली. तपासल्याशिवाय ड्रॉइंग कामगाराच्या हातात द्यायचं नाही हा त्यांचा धर्म होता, आणि तपासणार हा जगात एकच माणूस होता. दयानंद.

दयानंद बेळगावचे, कारखान्यात तीस वर्षं तपासनीस. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर होसकोटेला पुतण्याजवळ राहत होते. आम्ही मुखपृष्ठ मोठ्या कागदावर छापून, नळीत घालून, बसनं निघालो. वाटेत उपेंद्रराव सरळ बसून होते. "तपासलेली ड्रॉइंगं मंगळवारी दुपारी परत यायची," ते म्हणाले. "तीस वर्षांत माझं एकही लाल खुणेशिवाय आलं नाही. आणि त्यांच्या नजरेतून एकही चूक कधी निसटली नाही." हे सांगताना त्यांना राग होता की अभिमान, मला कळलं नाही.

दयानंदांनी आम्हाला पाणी विचारलं नाही. कागद टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, लाल पेन्सिलीला टोक केलं आणि तासभर आमच्याकडं बघितलं नाही. तेवीस खुणा झाल्या. "दाराला दोनच बिजागऱ्या. दार पडेल." "पिस्तुलाचा घोडा दाबायला बोटाला जागा नाही." "सावल्या दोन दिशांना, सूर्य एकच." प्रेताच्या पायांना मोठं वर्तुळ, आणि शेजारी: "दोन्ही पाय डावे."

उपेंद्रराव लाल झाले. एक पाय काढून त्यांनी तोच दुसऱ्यांदा चिकटवला होता. टॅबवर ते एका टिचकीत होतं.

शेवटी दयानंदांनी लाल रंगावर बोट ठेवलं. "हा काळ्यापासून हललाय. सगळीकडं."

"ते मुद्दाम आहे. एक पूर्णांक दोन."

"मुद्दाम केलेली चूक ही चूकच, उपेंद्र. वर लबाडी." आणि तिथंही लाल रेघ आली.

बाईवर मात्र एकही खूण नव्हती. दयानंदांनी परस्त्रीकडं मान वर करून बघितलं नसावं, चित्रातल्याही. मग त्यांनी 'तपासणार' या चौकोनात सही केली, आणि तेव्हा कुठं आम्हाला कॉफी मिळाली.

घरी येऊन उपेंद्ररावांनी दुरुस्त्या केल्या. तिसरी बिजागरी आली, उजवा पाय आला. हललेला लाल त्यांनी तसाच ठेवला, आयुष्यातली पहिली बंडखोरी. आणि दयानंदांच्या लाल खुणांची प्रत, सहीसकट, स्कॅन करून वेगळी ठेवली, कारण तपासलेली प्रत जपून ठेवायची आणि कामाबरोबर माहितीसाठी पाठवायची असा कारखान्याचा नियम. त्यांनी गिरीराजला दोन फायली पाठवल्या. एकीचं नाव 'फायनल'. दुसरीचं नाव 'फायनल चेक्ड'.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही कुठली छापली असती?

तीनशे प्रतींचे गठ्ठे रिक्षातून आले ते उपेंद्ररावांच्या घरी, कारण मला घरात उंदरांची भीती. सुलभाताई आत कोथिंबीर निवडत होत्या. उपेंद्ररावांनी नवा शर्ट घातला होता. सुतळी त्यांनी कात्रीनं कापली नाही, गाठ सोडवली. वरचा कागद बाजूला केला आणि सुतळी त्यांच्या हातात तशीच राहिली.

मी वाकून बघितलं. मुखपृष्ठावर तेवीस लाल खुणा होत्या. दाराकडं बाण, "दार पडेल". प्रेताच्या पायांभोवती वर्तुळ, "दोन्ही पाय डावे". कोपऱ्यात दयानंदांची सही, माझ्या नावाहून मोठी. मी गिरीराजला फोन लावला आणि माझ्या पूर्वजांच्या भाषेत बोलले.

"अक्का, स्वल्प ऐक की," तो म्हणाला. "एकावर चेक्ड लिवलंय, एकावर नाही. चेक न केलेलं कोण छापतंय हो? वर आणि सही बी होती."

खरं सांगायचं तर मुखपृष्ठ वाईट दिसत नव्हतं. खुनाची जागा पोलिसांनी खडूनं आखावी तसं ते दिसत होतं. कुणीही उचलून वाचलं असतं. मी तसं म्हणाले, पण उपेंद्रराव ऐकतच नव्हते. त्यांनी वरचा कागद पुन्हा गठ्ठ्यावर ओढला. इतकी वर्षं थांबून बायकोपुढं ठेवायचं म्हटलं ते हे, दुसऱ्याच्या लाल पेन्सिलीनं भरलेलं. "परत पाठवू," ते म्हणाले. "सुलभाला सांगू नका." मला त्यांची फार दया आली.

सुलभाताई तेवढ्यात बाहेर आल्या. उपेंद्ररावांचा हात गठ्ठ्यावर गेला, आपोआप.

"काढा हात," सुलभाताई म्हणाल्या.

लग्नाला जितकी झाली तितक्या वर्षांत ही त्यांनी पहिल्यांदा केलेली आज्ञा असावी. हात निघाला. त्यांनी एक प्रत उचलली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि खुणा एकेक करून वाचल्या. मोठ्यानं. वाचताना त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"तिथं हे असं चालायचं?"

"हो."

"दर आठवड्याला?"

"मंगळवारी."

सुलभाताई खुर्चीवर बसल्या. "मंगळवारी तुम्ही एक पोळी कमी खायचा. बोलायचा नाही. सासूबाईंना वाटलं पत्रिकेत मंगळ आहे. आम्ही दोनदा शांत केली हो. दोनदा." मग पुस्तकावर हात फिरवून म्हणाल्या, "नुसतं सांगितलं असतंत, की कुणीतरी लाल पेन्सिल मारतं."

"गुप्त होतं," उपेंद्रराव म्हणाले.

त्या पुन्हा चित्राकडं बघायला लागल्या. आता खुणांकडं नाही, बाईकडं. जांभळ्या साडीवरून त्यांचं बोट काठापर्यंत गेलं आणि थांबलं. मला वाटलं, आता ओळखलं. पण डोळे पुसणं वगैरे काही झालं नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी कधी उजव्या खांद्यावर पदर घेतलाय का?"

मी पुस्तक ओढून घेतलं. पदर उजव्या खांद्यावर होता. पान अठ्ठ्याण्णव. उलटवलं, मान सरळ केली, नाक लहान केलं, आणि सुलटं करायचं राहून गेलं. मीही साडीच नेसते, दोन महिने ते चित्र बघत होते, पण मी माझ्या नावाचा आकार बघत होते.

"आणि ही माझी इरकल," सुलभाताई म्हणाल्या. "सांगलीहून नेसून आले ती. तिचे काठ एवढे रुंद नव्हते."

उपेंद्रराव एकदम हसायला लागले. आधी मला वाटलं, रडताहेत. हसतच त्यांनी फोन घेतला आणि होसकोटेला लावला, आवाज मोठा करून.

"दयानंद, जरा बसून घ्या. तुमच्याकडून एक निसटली."

पलीकडं पंखा ऐकू आला.

"कुठली?"

"पदर उजवीकडं आहे. तुम्ही बघितलंच नाही."

पुन्हा पंखा. मग दयानंद म्हणाले, "कुणी पकडली?"

"मिसेसनी."

"मंजुरीच्या चौकोनात सही कुणाची आहे?"

"कुणाचीच नाही. साहेब कुठले आता."

"मग त्यांची घ्या," दयानंद म्हणाले. "मला जे दिसलं नाही ते ज्याला दिसलं, त्यानंच सही करायची असते." आणि फोन ठेवला. निरोप घ्यायची त्यांना सवय नव्हती.

उपेंद्ररावांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. सुलभाताईंच्या हाताला कोथिंबीर लागली होती. त्यांनी तो पदराला पुसला, डाव्या खांद्यावरच्या. पहिल्या चौकोनात सवयीनं पडलेली तीन अक्षरं होती, यू. व्ही. टी. पूर्ण नाव घालायचं ते स्वतःच विसरले होते. त्या अक्षरांकडं बघून सुलभाताईंनी विचारलं, "मी पण एवढंच लिहू?"

"नाही," उपेंद्रराव म्हणाले. "तू पूर्ण लिही."

त्यांनी लिहिलं, सुलभा उपेंद्र तासगावकर, सावकाश, चौकोनाच्या बाहेर जात. मग मधलं नाव पेनानं दोनदा गिरवलं. दुसरी प्रत त्यांनी स्वतःच पुढं ओढली, मग तिसरी. तीनशे प्रती होत्या. संध्याकाळपर्यंत चाललं, आणि कादंबरी मी लिहिली आहे हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.